गुरांचा डॉक्टर व्हायचंय? आधी एक वही घ्या

बाप पोराला घेऊन दवाखान्यात येतो आणि म्हणतो, "डॉक्टर, ह्याला जनावरांचा लई नाद हाय बघा. ह्याला तुमच्यासारखं करायचंय." मी पोराला एकच विचारतो, "घरच्या गाईनं आज सकाळी शेण कसं टाकलं? घट्ट, पातळ, का नेहमीसारखं?" बहुतेक वेळा उत्तर बापच देतो. पोरगं माझ्या गळ्यातल्या स्टेथोस्कोपकडं बघत असतं.

नाद चांगलाच आहे, पण पिल्लू मांडीवर घेऊन बसण्याचाही नाद असतो. पशुवैद्यकाचं निम्मं काम नुसतं बघण्याचं असतं. माणसांच्या डॉक्टरला पेशंट सांगतो की इथं दुखतंय. आमच्याकडं म्हैस काही सांगत नाही, मालक सांगतो, आणि तोही परवाचं काल आणि कालचं आज करून. म्हणून पोरांनी लहानपणापासून शिकायचं ते बघायला, मोजायला आणि लिहायला. इंजेक्शन कसं द्यायचं ते कॉलेज शिकवतं, त्याची घाई नको.

आठ-नऊ वर्षांपासून बारावीपर्यंतच्या मुलांच्या आईबापांसाठी हे लिहितोय. गावात गोठा असलेल्यांसाठी आणि शहरात फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठीही.

पहिलं काम: वही

शंभर पानी साधी वही आणा. घरातलं, नाहीतर शेजाऱ्याचं एकच जनावर निवडा. गाय, शेळी, कुत्रा, कोंबडी, काहीही चालेल. रोज ठरलेल्या वेळी दहा मिनिटं त्याच्यापुढं उभं राहायचं आणि दिसेल ते लिहायचं. "गाय बरी दिसली" असं लिहिलं तर ते खोडायला लावा. बरी म्हणजे काय, ते लिहायचं. उदाहरणार्थ:

"सोमवार, सकाळी ७. वैरण सगळी खाल्ली, पेंड थोडी ठेवली. रवंथ चालू. नाकाडं ओलं. शेण नेहमीसारखं. श्वास मिनिटाला २४. डाव्या मागच्या पायावर भार कमी देते."

ही शेवटची ओळ ज्या पोरानं स्वतःहून लिहिली, त्याच्यात काहीतरी आहे असं समजा.

श्वास मोजायला हात लावावा लागत नाही. चार पावलं लांब उभं राहून बरगड्यांच्या मागची बाजू वरखाली होते ती मोजायची, घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट. आरामात उभ्या गाईचा श्वास साधारण १० ते ३० च्या मध्ये असतो, उन्हाळ्याच्या दुपारी वाढतो. तो का वाढतो हे पोरानं विचारलं की शरीरक्रियाशास्त्राचा पहिला धडा तिथंच सुरू झाला.

पुढच्या महिन्यात मोठ्या माणसाला जोडीला घेऊन पोटाची हालचाल बघायला शिकवा. गाईच्या डाव्या भकाळीवर, म्हणजे बरगड्यांच्या मागच्या खोलगट भागावर, मूठ हलकेच दाबून धरली की आतून पोट मुठीला वर ढकलतं. दोन मिनिटांत साधारण तीन वेळा. तेवढं नाही आलं तर गाईचं पोट मंदावलंय, आणि बऱ्याचदा हे दूध कमी व्हायच्या आधी कळतं. मोठमोठ्या यंत्रांच्या जमान्यातही आम्ही गोठ्यात गेल्यावर पहिल्यांदा जे करतो त्यात हेच असतं.

थर्मामीटर मात्र मुलांच्या हातात एवढ्यात नको. आकडे तेवढे पाठ असू द्या: गाय १०१ ते १०२ अंश फॅरनहाइट, शेळी त्याहून अंशभर जास्त, कोंबडी तर १०६-१०७. कोंबडी हातात धरली की गरम का लागते ते एकदम कळतं. गाभणकाळही वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवायचा. गाय सुमारे २८० दिवस, म्हैस ३१०, शेळी १५०, कुत्री ६३. घरची गाय भरवली त्या तारखेपासून पोरानं स्वतः दिवस मोजून व्यायची तारीख काढावी आणि गोठ्याच्या भिंतीवर खडूनं लिहावी. चार-पाच दिवस मागंपुढं झाले तर हरकत नाही. का झाले, यावर घरात चर्चा होते, ती कामाची.

वही किमान सहा महिने चालली पाहिजे. पहिल्या पंधरा दिवसांत बंद पडली तर पोराला रागावू नका, पण एवढं ओळखा की आवड अजून बघण्यापर्यंत आलेली नाही. आणखी वर्षभरानं परत विचारा.

दात, फीत आणि बाजार

दहा-बारा वर्षांचं पोर झालं की त्याला बाजारात न्या. आमच्याकडं सांगोल्याचा जनावरांचा बाजार, पुण्याच्या बाजूला चाकणचा, खानदेशात सारंगखेड्याचा घोडेबाजार, नांदेडकडं माळेगावची यात्रा. कॉलेजच्या पुस्तकात महिनाभर लागेल ते तिथं एका सकाळी दिसतं. व्यापारी बैलाचा ओठ उचलून दात बघतो आणि वय सांगतो. आदत म्हणजे अजून दुधाचेच दात. दुसा झाला, म्हणजे दोन कायमचे दात आले, की साधारण दोन-अडीच वर्षांचा, चौसा तीन-साडेतीनचा, पुढं सहादाती, आणि आठही आले की जुळलेला, म्हणजे पाचेक वर्षांचा. वरच्या जबड्यात पुढचे दात कधीच नसतात, हे शहरातल्या पुष्कळ मोठ्या माणसांनाही माहीत नसतं. पोराला तिथं विचारा, मग गाय गवत तोडते कशी? उत्तर सांगू नका, चरणारी गाय दाखवा.

जातीही तिथंच ओळखायच्या. खिल्लार, देवणी, लाल कंधारी, डांगी, गौळाऊ. म्हशींत पंढरपुरी आणि नागपुरी. शेळ्यांत उस्मानाबादी आणि संगमनेरी. मेंढ्यांत दख्खनी आणि माडग्याळ. नुसती नावं पाठ करण्यात अर्थ नाही. डांगी सह्याद्रीच्या धुवाधार पावसात टिकते आणि खिल्लार दुष्काळी माळावर, यामागं काय असेल याचा विचार करायला लावा.

दुसरा खेळ शिंप्याच्या फितीचा. जनावराचं वजन काट्याशिवाय काढता येतं. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर इंचांत मोजायचा, खांद्याच्या टोकापासून बैठकीच्या हाडापर्यंत लांबी मोजायची. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, की वजन किलोत येतं. घेर ६६ आणि लांबी ५८ असेल तर साधारण ३८३ किलो. औषधाचा डोस वजनावर ठरतो, त्यामुळं हे गणित आम्ही रोज करतो. "मला गणित नको म्हणून डॉक्टर व्हायचंय" म्हणणाऱ्या पोराला हे आवर्जून दाखवा.

हे नियम मोडायचे नाहीत

इथं मी जरा कडक बोलणार आहे. उत्साहाच्या भरात पोरं लाथ खातात, नाहीतर आजार घरी आणतात.

गाय बाजूला वळवून लाथ मारते, घोडा सरळ मागं. त्यामुळं जनावराकडं जायचं ते खांद्याच्या बाजूनं, आधी आवाज देऊन. नुकत्याच व्यालेल्या गाईच्या आणि वासराच्या मध्ये जायचं नाही, गाय कितीही गरीब असली तरी.

वार (वासरामागून पडणारं आवरण) आणि गाभडलेलं, म्हणजे दिवस भरायच्या आधीच पडलेलं, वासरू यांना उघड्या हातानं शिवायचं नाही. गाईम्हशींमधला संसर्गजन्य गर्भपाताचा आजार माणसालाही होतो, आणि महिनोन्महिने येणारा-जाणारा ताप त्याच्यामुळं असू शकतो. कच्चं दूध प्यायचं नाही. गोठ्यातून आलं की साबणानं हात, मगच भाकरी.

पिसाळण्याचं वेगळं सांगतो. एखादी गाय लाळ गाळतेय, गिळता येत नाही, हंबरतेय, की घरच्यांना वाटतं घशात काहीतरी अडकलं. आणि कुणीतरी तोंडात हात घालतं. ती रेबीज असू शकते. मुलांनी तर नाहीच, मोठ्यांनीही हात घालू नये, डॉक्टरला बोलवावं. कुत्रं चावलं, ओरखडलं किंवा जखमेवर चाटलं तर वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा. हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही. रेबीजची लक्षणं एकदा सुरू झाली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही.

शेवटचा नियम: स्वतःच्या मनानं औषध द्यायचं नाही. तापावर माणसाला देतात ती पॅरासिटामॉलची गोळी मांजराचा जीव घेते. आणि औषधाचा परिणाम फक्त त्या जनावरापुरता राहतो असंही नाही. गुरांना दुखण्यावर डायक्लोफिनॅक दिलं जायचं. ती गुरं मेल्यावर गिधाडांनी खाल्ली आणि गिधाडं मूत्रपिंड निकामी होऊन मेली. कारण सापडेपर्यंत देशातली बहुतेक गिधाडं गेली होती. २००६ मध्ये जनावरांसाठी ते औषध बंद झालं. ही हकीकत मी प्रत्येक पोराला सांगतो.

दवाखान्यात उभं राहणं

आठवी-नववीच्या सुट्टीत जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जा आणि तिथल्या डॉक्टरांना सरळ विचारा, "पोराला आठवडाभर लांबून बघू द्याल का?" बरेच जण हो म्हणतात. आम्हालाही कुणीतरी विचारलेलं आवडतं. दोन गोष्टी सांभाळा. खोड्यात, म्हणजे तपासायला जनावर अडकवतात त्या चौकटीत, जनावर असताना पोरानं मध्ये यायचं नाही, आणि मोबाइल बाहेर काढायचा नाही. आजारी जनावराच्या मालकाचा व्हिडिओ काढणं हा उद्धटपणा आहे.

तिथं पोरानं काय बघावं? औषध नव्हे, बोलणं. डॉक्टर मालकाला काय काय विचारतात ते वहीत लिहून काढायचं. कधीपासून खात नाही? वैरण बदलली का? किती महिन्यांची गाभण? आधी कुणी काही दिलं का? या शेवटच्या प्रश्नाला मालक पहिल्यांदा नेहमी "नाही" म्हणतो. मग चहा झाला की सांगतो, की काल गावातल्या एकानं दोन सुया टोचल्यात. रागावलात तर तो पुढच्या वेळी तेही सांगणार नाही. हे कौशल्य पोराला दुसरीकडं कुठंच बघायला मिळत नाही. म्हणून मी सांगतो, पोर लाजरं असलं तरी चालेल, पण त्याला आजीआजोबांशी, गुराख्याशी, धनगरवाड्यावरच्या माणसांशी बोलायची सवय लावा. घटसर्प, फऱ्या, लाळ्या खुरकूत, आंत्रविषार ही रोगांची नावं मेंढपाळाच्या तोंडून ऐकलेली कायमची लक्षात राहतात. लसीकरणाच्या शिबिरात नोंदी लिहायला मदत लागते. कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरचा १२ आकडी क्रमांक न चुकता लिहिणं हेही सातवीतल्या पोरासाठी जबाबदारीचं काम आहे.

शहरातल्या मुलांनी नाराज व्हायचं कारण नाही. सोसायटीतल्या चार कुत्र्यांची वही ठेवा. कुणाच्या कानाचं टोक कापलंय म्हणजे नसबंदी झालीय, कोण लंगडतंय, कुणाला खरूज आहे, हे टिपा. संक्रांतीच्या दिवसांत मांज्यात अडकलेले पक्षी दिसतील. ते स्वतः सोडवायला न जाता पक्षी वाचवणाऱ्या संस्थेला किंवा वनविभागाला कळवा. घरी पिंजऱ्यात देशी पोपट असेल तर हेही माहीत असू द्या की तो पाळणं वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. बिबट्याचा डॉक्टर व्हायचंय म्हणणारी मुलं मला फार भेटतात. जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे, तशी कामं खरोखर असतात, पण फार थोडी. आणि तिथं पोचणाराही आधी पाच वर्षं गाई, म्हशी, कोंबड्याच शिकतो.

रक्त, वास आणि मरण

याबद्दल कुणी बोलत नाही म्हणून मुद्दाम लिहितोय. अडलेल्या म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून दोन तास घामाघूम व्हायचं आणि शेवटी मेलेलं रेडकू बाहेर काढायचं, असा दिवस येतो. मालक दारात बसून असतो, कारण त्या म्हशीवर त्याचं घर चालत असतं. कॉलेजच्या पहिल्या वर्षी शरीररचनाशास्त्राच्या खोलीत फॉर्मलिनचा वास डोळ्यांत चढतो.

घरचं जनावर मेलं तर मुलाला दुसऱ्या घरी पाठवून देऊ नका. त्याला राहू द्या, रडू द्या, आणि चार दिवसांनी वही उघडून बसा. काय दिसलं होतं? कधी दिसलं होतं? आपण कधी बोलावलं? दोष द्यायचा नाही, फक्त तारखा बघायच्या. २०२२ मध्ये लम्पी, म्हणजे अंगावर गाठी आणणारा गुरांचा साथीचा रोग, आली तेव्हा ज्या घरांत गाठी दिसल्याच्या पहिल्याच दिवशी कळवलं गेलं, तिथं बाकीची जनावरं लगेच वेगळी बांधता आली.

पोर खचलं तर त्याला बुळकांडीची गोष्ट सांगा. आपल्या पणजोबांच्या काळात या रोगानं दावणीच्या दावणी रिकाम्या व्हायच्या. तिच्यावर आणि जनावरांच्या इतर रोगांवर संशोधन करायला १८८९ मध्ये पुण्यात एक प्रयोगशाळा सुरू झाली. ती पुढं हिमालयात मुक्तेश्वरला गेली आणि तिचीच आजची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था झाली. २०११ मध्ये बुळकांडी जगातून संपल्याचं जाहीर झालं. देवीनंतर माणसानं पृथ्वीवरून पुसलेला हा दुसराच रोग.

शाळा, इंग्रजी आणि अकरावीतली चूक

दहावीपर्यंत वेगळा क्लास लावायची गरज नाही. विज्ञान समजून घ्या, गणित सोडू नका. मराठी माध्यमाच्या मुलांनी मात्र सातवीपासून वहीला आणखी एक रकाना जोडावा: मराठी शब्द, त्याच्यापुढं इंग्रजी. कास, सड, खूर, रवंथ, यकृत, मूत्रपिंड. पशुवैद्यकीय प्रवेशासाठी लागणारी 'नीट' (NEET) ही परीक्षा मराठीतून देता येते, पण पुढचं सगळं शिक्षण इंग्रजीतून आहे, आणि पहिल्या सहा महिन्यांत हुशार पोरं तिथंच अडखळतात. रोज दोन शब्द लिहिले तरी पाच वर्षांत साडेतीन हजारांवर होतात.

दहावीनंतर सरळ मार्ग असा. अकरावी विज्ञानला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे चारही विषय असलेच पाहिजेत. "इंजिनिअरिंगचाही पर्याय राहू दे" म्हणून गणित घेऊन जीवशास्त्र सोडलेली मुलं बारावीनंतर माझ्याकडं येतात. तेव्हा करण्यासारखं फारसं उरलेलं नसतं. खुल्या प्रवर्गाला या चार विषयांत मिळून किमान ५० टक्के लागतात, आणि प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला वय १७ पूर्ण हवं.

दुसरी चूक प्रवेश परीक्षेची. कृषी, मत्स्यविज्ञान आणि दुग्धतंत्रज्ञानासाठी राज्याची सीईटी चालते, म्हणून लोक धरून चालतात की पशुवैद्यकीयलाही तीच. तसं नाही, इथं नीट लागते. तिचे ७२० पैकी ३६० गुण एकट्या जीवशास्त्राचे, म्हणजे बघायची सवय असलेल्या पोराला हात द्यायला निम्मा पेपर आहे. पण उरलेला निम्मा भौतिक-रसायनाचा, आणि गावाकडची मुलं तिथंच मार खातात.

निकाल लागला म्हणजे काम झालं असंही नाही. राज्यातल्या जागांसाठी वेगळा अर्ज भरावा लागतो, आणि देशपातळीवरच्या १५ टक्के जागांची फेरी भारतीय पशुवैद्यक परिषद घेते, तिथली नोंदणी आणखी वेगळी. एमबीबीएसच्या फेऱ्या बघत बसून ही तारीख चुकवलेले दरवर्षी असतात.

पदवी साडेपाच वर्षांची, त्यात शेवटचं एक वर्ष प्रत्यक्ष कामाचं. राज्यातली सरकारी महाविद्यालयं नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली येतात: मुंबई, नागपूर, परभणी, शिरवळ, उदगीर वगैरे. यातलं मुंबईचं सगळ्यात जुनं, १८८६ चं. परळच्या जनावरांच्या दवाखान्याला जोडून ते सुरू झालं. कुणी एजंट दुसऱ्या कुठल्या कॉलेजचं नाव घेऊन आला, तर पैसे देण्याआधी परिषदेच्या मान्यताप्राप्त यादीत ते नाव आहे का बघा.

'नीट' नाही जमली तर पशुसंवर्धन व दुग्धव्यवसायाची पदविका आहे. त्यातून पशुधन पर्यवेक्षक म्हणून किंवा दूध संघात काम मिळू शकतं. मात्र १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याप्रमाणे पदवी आणि परिषदेची नोंदणी असल्याशिवाय स्वतंत्र पशुवैद्यक म्हणून उपचार करता येत नाहीत. किरकोळ सेवा देता येते, तीही नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली. "पदविका करून गावात दवाखाना टाकू" असं कुणी सांगत असेल तर हे आधी समजून घ्या.

पदवीनंतर काय, हे आईबाप नेहमी विचारतात. लोकसेवा आयोगातून पशुधन विकास अधिकारी, दूध संघ, कुक्कुटपालन कंपन्या, लस तयार करणाऱ्या संस्था, शहरात कुत्र्यामांजरांचा दवाखाना, प्राणिसंग्रहालय, विमा कंपन्या, शिकवणं, संशोधन. सैन्यातही पशुवैद्यकांचा वेगळा विभाग आहे, त्याची सुरुवात १७७९ ची. यातलं कुठलं हवं हे दहावीच्या पोरानं ठरवायची काहीच गरज नाही.

कागदपत्रं

हे शेवटी लिहितोय, पण प्रत्यक्षात अकरावीच्या पहिल्या सहामाहीतच सुरू करा. अधिवास दाखला काढा. जातीचा दाखला असेल तर जात पडताळणीचा अर्ज बारावीची वाट न बघता कॉलेजमार्फत भरा. त्याला महिने लागतात आणि प्रवेशाच्या वेळी कुणी थांबत नाही. इतर मागासवर्गात असाल तर नॉन क्रिमीलेअर दाखल्याची मुदत तपासा, तो प्रवेशाच्या दिवशी चालू असावा लागतो. आधार, दहावीची गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला या तिन्हींवर नाव एकसारखं आहे का ते आजच बघा. "पाटील सुरेश" आणि "सुरेश पाटील" एवढ्याशा फरकासाठी तहसीलला चार खेपा मारणारे बाप मी पाहिलेत. सगळ्याच्या झेरॉक्स एका प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि ती पिशवी त्या वहीच्याच कप्प्यात ठेवा.